संक्षेपाचे घर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माळ्यावरची जुन्या पत्रांची पेटी आम्ही खाली काढली, तेव्हा आमचा आठ वर्षांचा नातू शेजारी येऊन बसला. तो शिकतो इंग्रजी माध्यमात, खेळतो गुजरातीत आणि मराठी बोलतो ते आजीशी. अक्षरे लावीत लावीत त्याने एक पत्र वाचावयास घेतले आणि पहिल्याच ओळीशी अडून विचारले, "आजोबा, हे सानविवि कोण होते?"

घरात हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु मनात एक जुना काटा सलला. कारण याच जातीची एक चूक पूर्वी आमच्या हातून घडली होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातील एक वृद्ध भगिनी सासऱ्यांच्या वेळचे मराठी वाटणीपत्र घेऊन आमच्याकडे आल्या. घराच्या वारसनोंदीसाठी त्याचा गुजराती तर्जुमा हवा होता. आम्ही एम. ए. मराठीचे, त्यात शाळेचे मुख्याध्यापक. एका बैठकीत काम उरकून दिले. मजकूर शब्दशः उतरविला, संक्षेप मात्र जसेच्या तसे गुजराती लिपीत ठेवले. आपल्याला जे स्पष्ट ते सर्वांनाच स्पष्ट, ही आमच्या पेशाची जुनी खोड. त्यांच्या दिरांच्या नावामागील 'कै.' हे कचेरीतील कारकुनास नावाचे आद्याक्षर वाटले. गुजरातीत दिवंगताच्या नावामागे 'स्व.' लिहितात, 'कै.'शी तेथे कोणाची ओळख असणार? परिणामी जे गृहस्थ वाटणीपूर्वीच कैलासवासी झाले होते, त्यांचे संमतिपत्र हजर करावे, असा शेरा कागदावर पडला. 'गं. भा.'ची तीच गत. गुजरातीत विधवेच्या नावामागे 'गं. स्व.', म्हणजे गंगास्वरूप, लिहिण्याचा प्रघात. आमच्या गंगा भागीरथीचे 'भा.' तेथे कोडेच होऊन बसले. त्या माउलीला चार महिने खेटे घालावे लागले. सुधारलेला तर्जुमा हाती देताना आम्हांला मान वर करवेना. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पुरते लिहिले असते तर बरे झाले असते."

ते 'पुरते लिहिणे' आमच्या मनातून जाईना. तेव्हापासून आम्ही एका वहीत संक्षेप टिपू लागलो. जुनी पत्रे, दस्तऐवज, लग्नपत्रिका, शाळेची दप्तरे, जेथे सापडेल तेथून. वही भरली, अकारविल्हे लावून झाली आणि आम्ही ती मोठ्या अभिमानाने आमच्या कन्येपुढे ठेवली. ती भाषांतराचा व्यवसाय करते. मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी या चार भाषांचा एक परिभाषासंग्रह ती आणि तिचे सहकारी मिळून संगणकावर तयार करीत आहेत.

वही चाळून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जमविले आहे ते मोलाचे आहे. पण ही यादी अशीच्या अशी संग्रहात घालता येणार नाही. तुम्ही ही सारी माणसे रस्त्यावर रांगेत उभी केली आहेत. प्रत्येकाला आधी त्याच्या घरी पोहोचवायला हवे."

आम्ही थोडे हिरमुसलो. परंतु तिने समजावून सांगितले तेव्हा, तीस वर्षे शिकविणाऱ्याला कोणीतरी धडा दिला, याचे समाधानच वाटले. तिचे म्हणणे असे की, अशा संग्रहात नोंद होते ती शब्दाची नव्हे, संकल्पनेची. एक संकल्पना, एक नोंद. 'कैलासवासी' आणि 'कै.' ही दोन बिऱ्हाडे नव्हेत. गुजराती 'स्वर्गस्थ' व 'स्व.' यांच्यासह ती एकाच घरात नांदली पाहिजेत. प्रत्येकापुढे भाषा कोणती आणि रूप पूर्ण की संक्षिप्त, हे रकान्यात लिहावयाचे. मग शोधणारा कोणत्याही नावाने हाक मारो, संगणक त्याला त्याच दाराशी आणून सोडतो. संक्षेपांची वेगळी यादी केली तर एकाच गोष्टीच्या दोन नोंदी होतात. एक दुरुस्त होते आणि दुसरी तशीच चुकीची राहते.

उलटपक्षी, एका संक्षेपाचे दोन अर्थ असतील तर त्याला दोन घरे द्यावी लागतात. आम्ही वहीत 'ता. : तारीख, तालुका' असे एका ओळीत लिहिले होते. 'इ.'पुढे 'इयत्ता' आणि 'इत्यादी' शेजारी शेजारी बसविले होते. कन्येने ती दांपत्ये विभक्त केली व प्रत्येकापुढे विषय आणि एक नमुन्याचे वाक्य मागितले. याची आवश्यकता आम्हांला निराळी पटवावी लागली नाही. एका विद्यार्थ्याचा 'एस. टी. सवलती'चा अर्ज आम्ही स्वतःच अनुसूचित जमातींच्या शिष्यवृत्तीच्या फाइलीत लावला होता. त्या बिचाऱ्याला हवी होती बसभाड्यातील सवलत!

तिसरी अडचण टिंबांची. 'सा. न. वि. वि.', 'सा.न.वि.वि.' आणि टिंबे गाळलेले 'सानविवि' हे आपल्या डोळ्यांना एकच. संगणकाला मात्र तीन निरनिराळे प्राणी वाटू शकतात. म्हणून एक रूप मुख्य मानावयाचे आणि बाकीची पाठभेद म्हणून त्याच नोंदीत ठेवावयाची. अशा रीतीने आमच्या नातवाचे सानविविही साष्टांग नमस्काराच्या घरी सन्मानाने राहावयास गेले.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटली. प्रत्येक भाषेत संक्षेपाला संक्षेप सापडेलच असे नाही. इंग्रजीतील 'नाटो' फ्रेंचमध्ये शब्दक्रम फिरल्यामुळे 'ओतान' होतो. तेथे निदान जोड तरी मिळते. जेथे ती नसेल तेथे संक्षिप्त रूपाचा रकाना रिकामा ठेवावा आणि पूर्ण रूप द्यावे. स्वतः नवा संक्षेप रचून भाषेच्या गळ्यात बांधू नये. आणि 'रडार' किंवा 'लेसर' यांसारखे शब्द मुळात इंग्रजी आद्याक्षरांतून जन्मले असले तरी त्यांचे पूर्ण रूप आज कोणीही बोलत नाही. तेथे आखूड रूपालाच पसंती द्यावी आणि तसा शेरा लिहावा.

युरोपीय संघाचा चोवीस भाषांचा परिभाषासंग्रह, जो २००७ पासून सर्वांना खुला आहे, तोही याच पायावर उभा असल्याचे कन्येने सांगितले. ते ऐकताना आम्हांला आमचे बडोदे आठवले. १९३१ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत येथे 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतील प्रतिशब्द त्यात एकत्र मांडले आहेत. अनेक भाषांच्या प्रजेला एका दरबारात नांदवावयाचे, तर अर्थ एक ठेवून नावे शेजारी शेजारी मांडावी लागतात, ही जाण त्या काळीही होती.

वाचकहो, संक्षेप हा विश्वासाचा व्यवहार आहे. पुरते न लिहिताही समोरच्याला पुरते कळेल, या भरवशावर तो चालतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत तो भरवसा आता उणावत चालला आहे. आजोबांच्या दस्तातील 'मौ.' किंवा 'बि.' हे तुम्हांला कळते. तुमच्या नातवंडांना ते मौजे आणि बिन म्हणून कोण सांगणार? घरात जुने कागद असतील तर त्यांतील संक्षेपांची पूर्ण रूपे एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवा. एवढे काम करावयास संगणक लागत नाही.

आमच्या वहीतील 'कै.' जेव्हा संग्रहात गेला तेव्हा कन्येने विचारले, "बाबा, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?" आम्ही सांगितले, "गुजरातीत उतरविताना तसेच ठेवू नये, पुरते लिहावे."

तिने ते लिहून घेतले. हे शब्द मूळ कोणाचे, हे तिला ठाऊक होते.