सज्ज्याचं नवं-जुनं

किनवटच्या माणसाला सागवानाचं कौतुक सांगू नये. कोकणातल्या माणसाला नारळाचं सांगितल्यासारखं होतं ते. पैनगंगेच्या अंगाला सागाचंच रान. १९५६ पर्यंत आमचा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग राज्य बदललं, जिल्हा बदलला, साग मात्र बदलीवर गेला नाही. त्यामुळे इतर गावांत जिथं बाभळीवर भागवतात, तिथं आमच्या आजोबांनी सागवान घातलं. कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सागवानी होतं. कोंबड्या गेल्या, खुराडं आहे.

तसाच आमच्या माडीचा सज्जा. रस्त्याच्या बाजूला काढलेला, २२ फळ्यांचा. वर छप्पर नाही, उन्हापावसाला कायमचा उघडा. तिथं वेताच्या खुर्चीत आमचे अण्णा बसतात. वय ८४. सकाळी पेपर, दुपारी आत डुलकी, आणि संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी. ती आमच्या शाखेच्या मस्टरपेक्षा पक्की असते. कोण किती वाजता गेला आणि कुणाशी न बोलता गेला, सगळं तोंडपाठ.

गेल्या दिवाळीत अण्णांची काठी एका फळीतून आरपार गेली. अण्णा एवढंच म्हणाले, "काठी अडकली." पण पुण्याच्या आमच्या धाकट्या बंधूंना ती बातमी त्याच रात्री पोचली. फोनवर म्हणाला, "दादा, पाडून टाक तो सांगाडा. स्लॅब घालू. पैसे मी पाठवतो." (त्याचं 'पाठवतो' हे क्रियापद नेहमी भविष्यकाळी असतं.) फोन मोठ्या आवाजावर होता. अण्णांनी ऐकलं आणि सकाळी वाचून झालेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

स्लॅब नको म्हटल्यावर सल्लागार येतातच. एका नातेवाइकांनी नांदेडहून डबाच आणला. जुन्या लाकडाला नवा पृष्ठभाग देणारं कोटिंग! झाकण उघडलं तर आत श्रीखंडासारखा घट्ट ऐवज. "भेगा बुजतात, कुसळं दबतात, दोन हात फासले की लाकूड दिसतच नाही!" लाकूड दिसत नाही म्हणजे सडलेलं लाकूडही दिसत नाही, हे ते बोलले नाहीत.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि वीस वर्षं बँकेत. मला तो डबा पाहताक्षणी ओळखीचा वाटला. याला आमच्याकडे 'नवं-जुनं' म्हणतात. थकलेलं पीककर्ज मार्चमध्ये भरल्यासारखं करायचं आणि लगेच नवं उचलायचं. खातं चकचकीत, विहीर कोरडी ती कोरडी.

तरी डब्याला अगदीच नावं ठेवू नयेत. लाकूड शाबूत असेल आणि नुसतं खरबरीत झालं असेल, तर पायाला बरं लागतं. पण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि आमच्या उन्हाळ्यात आकसतं. वरची जाड साय तेवढी हलत नाही, म्हणून तडकते. तडकीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते, मग आत निवांत कुजणं सुरू. त्यात सागाच्या अंगात स्वतःचं तेल. त्या तेलामुळे वाळवी लांब राहते, आणि थिनरने पुसून घेतलं नाही तर रंगही लांबच राहतो. आमच्या एका स्नेह्यांच्या पायरीवरचं असलं कोटिंग पहिल्याच पावसाळ्यानंतर पापडासारखं निघालं. मुलं सोलून सोलून खेळायची.

शेवटी सुतारमामांना बोलावलं. मामा डब्याकडे बघून म्हणाले, "कामून पैसे घालता, साहेब? मेलेल्याला पावडर लावल्यानं उठते का?" मग पटाशीच्या मुठीनं एकेक फळी ठोकत निघाले. चांगली फळी 'ठण्ण' म्हणते, कुजकी 'भद्द'. इतकं स्वच्छ ऑडिट मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही. २२ खात्यांपैकी ५ बुडीत निघाली, सगळी भिंतीच्या कडेची, जिथं पाणी साठतं ती. खालच्या तुळयांना मात्र काही झालं नव्हतं. म्हणजे मुद्दल शाबूत होतं, रुसवा फक्त व्याजाचा होता.

चिरंजीवांनी मोबाइलवरून वेगळीच माहिती काढली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. त्या काळच्या जहाजांच्या डेकला रंगबिंग नसे. खलाशी गुडघ्यांवर बसून दगडानं फळ्या घासत आणि सांध्यांत तागाचं पिंजण कोंबून वर डांबर ओतत. "बाबा, तुम्हीही गुडघ्यांवर बसा," असा त्याने निष्कर्ष काढला.

बसलो. दुसरा शनिवार, चौथा शनिवार. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०चा, रेषेच्या दिशेनं. समोरच्या काकूंनी खालून विचारलं, "बँक बंद पडली का हो?" पण एक सांगतो, राखाडी रंग नखाएवढा जाड होता. तो नुसता उन्हाचा प्रताप. खाली गुळाच्या ढेपेसारखं लाकूड निघालं, आणि त्याला वासही आला. आजोबांच्या वेळचा वास असा थेट नाकात येईल असं वाटलं नव्हतं.

वर मामांनी उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चोळायला लावलं, आणि वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायला. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. म्हणून तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. मामांनी एकेक चिंधी सुटी करून दोरीवर वाळत घालायला लावली. त्या चिंध्या म्हणजे माझे जुने ऑफिसचे शर्ट, आणि दोरीवर शेजारी सौभाग्यवतींची इस्त्रीची साडी. त्या प्रसंगाचं वर्णन या पुस्तकाच्या मर्यादेबाहेर आहे.

तेल वाळायला चार दिवस. तेवढे दिवस अण्णा आतल्या खोलीत. खोली चांगली आहे, पंखा आहे, पण तिथं अण्णा एकदम लहान दिसायला लागले. दुधवाला, पोस्टमन, शाळेतून येणारी पोरं, सगळे वर बघून विचारायचे, "अण्णा बरे आहेत ना?" मला रोज सहा-सात जणांना खुलासा द्यावा लागे. अण्णा मात्र काहीच विचारत नव्हते. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "स्लॅबवर उन्हाळ्यात पाय ठेववत नाही म्हणतात." मी म्हटलं, "नाही ठेववत."

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी उंबऱ्यातून वाकून फळीला बोट लावलं, बोट हुंगलं. मग भिंतीकडेच्या नव्या पाच फळ्यांकडे बघत राहिले. त्या जुन्यांपेक्षा फिक्या, पिवळट दिसत होत्या.

"मामा, ह्या डोळ्यात येतात."

"नवं लाकूड हाय, अण्णा. धा वर्सांत एकरंग होतंय."

"होईल होईल," अण्णा म्हणाले, "बघू की." आणि वेताची खुर्ची बरोबर त्या पाच फळ्यांवर ओढून घेऊन खाली बसले.