आन्जीच्या अंगणात

पावणेआठला बालवाडीच्या फाटकाबाहेर इलेक्ट्रिक स्कूटरची गर्दी झाली होती. मुलांना सोडायला आलेले बहुतेक आजी-आजोबाच. फाटकाशी पहारेकरी उभा होता. डोक्यावर हेल्मेट, मागे भिंतीला टेकवलेली पारदर्शक ढाल आणि लांब दांड्याचं लोखंडी बेळकं. चाकू घेऊन कोणी आलाच तर त्याला लांबूनच दाबून धरायला ते कामी येतं. २०१० साली चीनमध्ये शाळा-बालवाड्यांवर एकापाठोपाठ चाकूहल्ले झाले. तेव्हापासून असा पहारा नेहमीचाच झाला आहे. मुलं मात्र त्या बेळक्याकडे ढुंकूनही न पाहता आत पळत होती.

झेजियांग प्रांतातला आन्जी हा तालुका हांगझोऊहून गाडीने तास-सव्वा तासावर आहे. डोंगरभर बांबू, उतारांवर चहाचे मळे. माझा मुलगा हांगझोऊला नोकरी करतो. त्याच्या सहकाऱ्याची बहीण इथल्या एका बालवाडीत शिकवते, म्हणून मला दिवसभर बसून पाहायची परवानगी मिळाली. सोबत दुभाषी म्हणून कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. माझी सगळी नोकरी पालघरकडच्या बालवाड्यांमध्ये झाली, त्यामुळे ‘आन्जीचा खेळ’ या इथल्या बालवाड्यांतल्या पद्धतीचं नाव कानावर होतं. ती पाहायची फार दिवसांची इच्छा होती.

दाराशीच पांढऱ्या कोटातली परिचारिका एकेका मुलाला थांबवत होती. कपाळाशी तापमापक, घशात बॅटरीचा उजेड, मग दोन्ही हात पुढे करून तळवे उलटेसुलटे. हात-पाय-तोंडाचा तो फोडांचा आजार अशा ठिकाणी झपाट्याने पसरतो, म्हणून रोज ही तपासणी. खिसेही चाचपले जात होते, मणी किंवा टोकदार काही येऊ नये म्हणून. आत प्रत्येकाचा पेला ठरलेल्या खणात, प्रत्येकाचा टॉवेल आपापल्या खुणेच्या हुकाला. भिंतीवर आठवड्याचा जेवणाचा तक्ता. स्वयंपाकघराच्या फ्रीजमध्ये दिवसभरातल्या प्रत्येक पदार्थाचा नमुना ४८ तास ठेवलेला, कोणाला बाधलंच तर तपासता यावा म्हणून. एवढी टापटीप पाहून खेळही शिट्टीवर चालत असणार असं वाटलं.

नऊच्या सुमारास दारं उघडली आणि मुलं अंगणात धावली. तिथे झोपाळा नाही, घसरगुंडी नाही. लाकडी शिड्या, लांब फळ्या, मुलांच्या उंचीचे पत्र्याचे पिंप, टायर, मोठाले लाकडी ठोकळे आणि चढ-उताराची मोकळी जमीन, एवढंच. काय करायचं हे कोणीही सांगितलं नाही. पाच-साडेपाच वर्षांची चार मुलं एक शिडी उचलून आणू लागली. दोघं पुढे, दोघं मागे, आणि वळताना तिसऱ्याच गटाला धक्का बसू नये म्हणून एकजण ओरडून वाट मोकळी करत होता. दोन शिड्या उभ्या झाल्या, मध्ये फळी टाकली गेली, खाली गाद्या आल्या. फळीची उंची माझ्या छातीएवढी होती.

लाल जाकिटातली एक मुलगी वर चढली आणि फळीच्या मध्यावर थबकली. फळी लवत होती. मागचा मुलगा घाई करत होता. मी मुलीकडे पाहायचं सोडून वर्गाच्या बाईंकडे पाहू लागले. त्या दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, मोबाइलवर चित्रीकरण करत. मदतनीस बाईंचा पाय अर्धं पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. मुलगी फळीवर बसली, घोड्यावर बसावं तशी, आणि हळूहळू सरकत पलीकडे पोचली. खाली उतरल्यावर तिने फळीचं एक टोक शिडीच्या खालच्या पायरीवर आणायला लावलं आणि तिरक्या झालेल्या फळीवरून उभ्याने चालत गेली. कोणी शाबासकी दिली नाही. तिला ती हवी होती असंही दिसलं नाही.

पुढे पिंपावर तोल सांभाळणारा एक मुलगा घसरून आपटला आणि रडला. बाई जवळ गेल्या, गुडघा पाहिला, त्याच्याशेजारी उकिडव्या बसून राहिल्या. रडणं ओसरल्यावर तो स्वतःच उठला आणि पिंपाकडे गेला. खेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा सगळं सामान मुलांनीच जागेवर लावलं. फळ्या लांबीप्रमाणे, ठोकळे आकाराप्रमाणे. ते लावायलाच बराच वेळ गेला, आणि खेळाइतकाच वाद त्यातही झाला.

वर्गात आल्यावर बाईंनी सकाळचं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवलं. फळी लवते त्या क्षणी चित्र थांबवून त्यांनी एवढंच विचारलं, इथे काय चाललं होतं? मग वीस मिनिटं मुलंच बोलत होती. फळी पातळ होती, नाही, शिड्या लांब होत्या, दोन फळ्या एकावर एक टाकल्या तर? उत्तर बाईंना ठाऊक असणार, पण त्यांनी दिलं नाही. नंतर प्रत्येकाने आपापल्या खेळाचं चित्र काढलं. मूल सांगेल ते बाई चित्राच्या कडेला लिहून घेत होत्या, मुलाच्याच शब्दांत, दुरुस्ती न करता. अशा चित्रांच्या वह्याच्या वह्या कपाटात होत्या.

दुपारी भात, टोमॅटो-अंडं, टोफू, पालेभाजी आणि सूप. मोठ्या गटातली मुलं चॉपस्टिकने जेवली, धाकटी चमच्याने. बाराला पडदे ओढले गेले, मुलांनी जाकिटं काढून घडी घातली आणि अडीचपर्यंत सगळा वर्ग झोपला.

त्या वेळात बाईंशी बोलता आलं. पूर्वी इथेही मुलांना बाकावर बसवून अक्षरं आणि आकडे गिरवून घेत. २००१ साली देशाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात खेळावर भर होता. मग शिक्षिका रात्र रात्र जागून पुठ्ठ्याचे दवाखाने आणि दुकानं करू लागल्या. डॉक्टर कोण, रोगी कोण, हेही त्याच ठरवत. बाई दमून जात आणि मुलं कंटाळत. तालुक्याच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सूत्रं तेव्हा छंग श्वेछिन यांच्याकडे होती. त्यांनी शिक्षकांना आणि पालकांना आपापल्या लहानपणीचे खेळ आठवायला लावले. आठवले ते झाडावर चढण्याचे, पाण्यात डुंबण्याचे, मोठ्यांच्या नजरेआडचे खेळ. तिथून शिड्या-फळ्या आल्या. २०२१ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने ही पद्धत देशभर पसरवायला घेतली.

मग मी अपघातांबद्दल विचारलं. बाईंनी सांगितलं, सामान रोज तपासलं जातं, गाद्या कुठे लागतात हे मुलांना शिकवलं जातं, आणि कोणतं मूल आज आजारातून उठलंय किंवा रात्री नीट झोपलेलं नाही हे सकाळच्या तपासणीतून बाईंना आधीच कळलेलं असतं. सकाळी मला जी निव्वळ शिस्त वाटली होती, तिच्याच आधारावर अंगणातली मोकळीक उभी होती. नियमाने लहान गटात २५, मधल्यात ३० आणि मोठ्यात ३५ मुलं, आणि वर्गाला दोन शिक्षिका व एक मदतनीस. हात मागे ठेवायचे तर आधी पुरेसे हात असावे लागतात.

हे ऐकताना मला आमच्या अंगणवाड्या आठवल्या. एक सेविका, एक मदतनीस, आणि त्यांच्याच माथी आहार, वजनं, लसीकरण, सर्वेक्षणं, मोबाइलवरच्या नोंदी. आमच्याच भागात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बिया, पानं, शंख-शिंपले हेच साधन मानून आदिवासी मुलांना शिकवलं, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं नकोत, भोवतालचं सामान पुरतं, हे आम्हाला आन्जीकडून शिकायची गरज नाही. शिकायचं ते एवढंच, की बाईंना नुसतं पाहत उभं राहायला वेळ मिळेल अशी सोय सरकारने करायची असते.

चार वाजता फाटकाशी पुन्हा आजी-आजोबा. दुभाषी मुलीने एका आजोबांना माझ्या वतीने विचारलं, इथलं शिकवणं आवडतं का? ते म्हणाले, शिकवतात कुठे, खेळवतात. समोरच्या इमारतीतला नातवाएवढा मुलगा म्हणे शंभरच्या वर अक्षरं वाचतो. पहिलीचे धडे बालवाडीत शिकवायला आता कायद्यानेच मनाई आहे. पूर्वप्राथमिक शिक्षणाचा तो कायदा १ जून २०२५ पासून लागू झाला. पण आजोबांची काळजी कायद्याने मिटलेली नव्हती. तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून बालवाडी बदलणारे पालक मी डहाणूतही पाहिले आहेत. त्यामुळे मला आजोबांचा राग आला नाही.

निघताना बाईंनी वरचा मजला दाखवला. दोन वर्ग बंद होते, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. चीनमध्ये २०१६ साली पावणेदोन कोटींहून अधिक मुलं जन्मली होती, २०२४ मध्ये ९५ लाख. त्या एका वर्षात देशातल्या २१ हजारांवर बालवाड्या कमी झाल्या. २०२५ च्या शरदापासून बालवाडीच्या शेवटच्या वर्षाची फी सरकारने माफ केली, पण त्याने मुलं वाढत नाहीत. इथल्या लहान गटात या वर्षी पंधरा-सोळाच मुलं आहेत. मी म्हटलं, म्हणजे एकेका मुलाकडे पाहायला आणखी वेळ मिळेल. बाई हसल्या आणि म्हणाल्या, हो, आमच्या नोकऱ्या राहिल्या तर.