चूल किती वाजता पेटते?

मोठेबाबांसमोर कुणाला चोर म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या काकू एकदा तावातावानं आल्या. त्यांच्या देवळीतलं मनगटी घड्याळ गेलं होतं आणि भांडीवाल्या बाईच्या पोरावर त्यांचा संशय होता. संशय कसला, खात्रीच. मोठेबाबांनी त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्याच्या घरी चूल किती वाजता पेटते, माहीत आहे का तुम्हाला?’’ काकू बघतच राहिल्या. घड्याळाचा आणि चुलीचा काय संबंध! त्या उठून गेल्या त्या पुढे बरेच दिवस ओट्यावर आल्या नाहीत. मोठेबाबा मात्र त्याच संध्याकाळी सायकल काढून त्या बाईच्या झोपडीकडे गेले. घड्याळाबद्दल त्यांनी तिथं चकार शब्द काढला नसणार. चूल रात्री नऊला पेटत होती, आई चार घरची भांडी उरकून आल्यावर. तोवर पोरगा उपाशी रस्त्यावर. एवढं घेऊन ते परत आले आणि मोठ्या आईला म्हणाले, ‘‘उद्यापासून त्याला संध्याकाळी इथंच जेवायला बसव.’’

माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ परिवीक्षा अधिकारी होते. आधी अकोला, मग अमरावती, मग पुन्हा अकोला. लोक त्यांना ‘रिमांडचे साहेब’ म्हणायचे. ते पोलिसांत नव्हते, वकीलही नव्हते. गुन्हा झालेला असतो, तो शाबीत झालेला असतो, फक्त शिक्षा सुनवायची बाकी असते; त्या मधल्या फटीत उभं राहणारा हा माणूस. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात सहावं कलम आहे. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर न्यायालयानं त्याला सहजासहजी तुरुंगात धाडायचं नाही. आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, तुरुंगाशिवाय दुसरा मार्ग नाही अशी खात्री करून घ्यायची आणि तरीही धाडायचं झालं तर कारणं लिहून ठेवायची. आमच्या वऱ्हाडात ही कल्पना त्याहून जुनी. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी असा कायदा 1936 सालीच झाला होता. जगात तिची सुरुवात मात्र एका चांभारानं केली. 1841 साली बॉस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे शिवणाऱ्यानं एका दारुड्याचा जामीन भरला आणि त्याला माणसात आणून परत न्यायाधीशापुढे उभं केलं. मोठेबाबांना ही गोष्ट फार प्रिय. ‘‘सरकारी माणूस नव्हता तो,’’ ते बजावून सांगायचे. सरकारी नोकरीत उभी हयात काढलेल्या माणसाचा हा अभिमान मला मोठा गमतीचा वाटायचा.

प्रश्न विचारायची त्यांची रीत मात्र बॉस्टनहून आलेली नव्हती. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. शेंडगावचा हा माणूस कीर्तनात उभा राहून श्रोत्यांनाच प्रश्न टाकायचा, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचा आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. मोठेबाबा तेच करायचे, फक्त आवाज न चढवता. झोपतो कुठं? पांघरूण कुणाबरोबर वाटून घेतो? घरात कोण कोणाशी बोलत नाही? शाळा सुटली त्या दिवशी घरात काय घडलं होतं? गुन्ह्याचा प्रश्न सर्वांत शेवटी, आणि तोही कधी कधी राहूनच जायचा.

गृहभेटी म्हणजे पायपीट. मे महिन्यातला अकोला ज्यानं सोसला नाही त्याला ती कळायची नाही. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, सायकलच्या कॅरिअरला खाकी फाइल बांधलेली. जुन्या शहरातल्या बोळांतून, मोर्णेच्या काठच्या वस्त्यांतून ते फिरायचे. खेडं गाठायचं असलं तर एसटी. दर्यापूर, अंजनगावकडचं काम निघालं की मूर्तिजापूरला उतरून शकुंतला. ही चिमुकली नॅरोगेज गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची आणि तिच्यातून उतरून शेंग तोडून पुन्हा चढता येतं असं लोक हसून सांगायचे. मोठेबाबांना तिचा संथपणा सोयीचा होता. एखाद्या पोराचा बाप त्याच डब्यात भेटला तर अंजनगाव येईपर्यंत निम्मा अहवाल तयार व्हायचा.

अहवाल ते रात्री लिहायचे. स्वयंपाकघर आवरलं की जेवणाच्या जागेवर चटई पडायची, तिच्यावर पाट, पाटावर फुलस्केप कागद. निळी शाई त्यांना चालत नसे, काळीच लागायची. अक्षर सुटं, उभं. आम्ही मुलं आसपास घुटमळायचो. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते, म्हणून त्या घरात ‘आम्ही’ म्हणायचा हक्क मलाही होता. पण कागदाकडे नजर गेली की ते तळहात आडवा ठेवायचे. हा अहवाल गोपनीय मानावा असं कायद्याचं सातवं कलम सांगतं. मोठेबाबांनी ते कलम घरातसुद्धा काटेकोर पाळलं. पोराचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, गाव कळलं नाही, केलं काय तेही नाही. एवढंच दिसायचं की काही रात्री लेखणी भरभर चालते आणि काही रात्री एका ओळीवर थांबून राहते.

कायद्यानं त्यांच्यावर आणखी एक काम टाकलं होतं, ते लोकांना ठाऊक नसतं. बंधपत्रावर सुटलेल्या माणसाला, गरज असेल तर, कामधंदा मिळवून द्यायची खटपट त्यांनीच करायची. त्यासाठी ते जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकांवर, डाळमिलांत, सायकल दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन उभे राहायचे. मालक हमखास विचारणार, ‘‘काय केल्तं पोट्ट्यानं?’’ मोठेबाबा म्हणायचे, ‘‘कामाचं विचारा. हात चांगला आहे त्याचा.’’ दहांतले आठ मालक नाही म्हणायचे. हे आकडे माझे नाहीत, ते स्वतःच असं सांगायचे आणि वर हसायचे.

आणि मग तो नियम. बाजारात आपलं एखादं पोरगं दिसलं तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्यानं दाखवली तर दाखवायची. अमरावतीला राजकमल चौकाजवळ एका गाडीवर गिला वडा खाताना मी हे डोळ्यांनी पाहिलं. नीटनेटका शर्ट घातलेला एक माणूस, बरोबर बायको आणि कडेवर मूल. त्यानं मोठेबाबांना पाहिलं, क्षणभर थांबला आणि नजर वळवून बायकोला काहीतरी दाखवायला लागला. मोठेबाबांनीही द्रोणातलं दही निरखायला सुरुवात केली. ते दोघं गर्दीत दिसेनासे झाल्यावर मी विचारलं, कोण होतं? ‘‘कुठं कोण?’’ ते म्हणाले आणि आणखी एक वडा मागवला. एकाच वेळी दोन वडे खाताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

शिक्षकाला विद्यार्थी भर रस्त्यात वाकून नमस्कार करतो. डॉक्टरच्या नावानं लोक नवस फेडायच्या गोष्टी करतात. ज्याचं काम जितकं उत्तम झालं तितकं ते कुणाला दिसायला नको, असा हा एकच धंदा मला माहीत आहे. कायदाही त्याच बाजूचा. परिवीक्षेवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे पुढे कुठली अपात्रता चिकटू नये, असं 1958 चा कायदा म्हणतो. मुलांच्या बाबतीत तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानं बहुतेक प्रकरणांतली कागदपत्रं ठराविक काळानंतर नष्टच करायला सांगितली आहेत. म्हणजे मोठेबाबांचं लेखन, ज्यात त्यांनी आपली निम्मी रात्र घातली, ते उरू नये यातच त्याचं यश. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना दिवाळी अंकासाठी आठवणी लिहायचा आग्रह केला. ‘‘त्या माझ्या थोड्याच आहेत,’’ म्हणाले आणि विषय बंद.

हे सगळं गोड वाटावं असं नव्हतं. बंधपत्र मोडलं की न्यायालयाला ते कळवायचं कामही त्यांचंच. ज्याच्या घरी बसून चहा घ्यायचा, ज्याच्यासाठी मालकापुढे शब्द टाकायचा, त्याचीच तक्रार आपल्या काळ्या शाईनं लिहायची. माझ्या मते या नोकरीतलं सर्वांत कठीण काम हेच, आणि त्यांनी ते कधी टाळलं नाही. त्या दिवशी घरी येऊन ते आंघोळ करायचे आणि न जेवता ओट्यावर बसायचे. मोठी आई ताट झाकून ठेवायची. विचारायची नाही.

पारध्यांच्या पोरांचं त्यांना वेगळं दुःख होतं. बडनेऱ्याच्या फलाटावर काही गेलं की आधी तीच पकडली जायची. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण फलाटावरून गेला नाही. ‘‘यांची चौकशी मी करायच्या आधीच झालेली असते,’’ मोठेबाबा म्हणायचे. 2012 साली मतीन भोसले या पारधी शिक्षकानं जिल्हा परिषदेची नोकरी सोडून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली, तेव्हा मोठेबाबांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून पंचांगात घालून ठेवली. शाळेचं नाव त्यांना अतिशय आवडलं होतं.

परतवाड्याजवळच्या वझ्झरला मात्र ते स्वतः जायचे. तिथं शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली, अपंग, मतिमंद मुलं सांभाळली, त्यांना बाप म्हणून आपलं नाव दिलं, त्यांची लग्नं लावली. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहाचं दार बंद, हा नियम पापळकरांना कधी मान्य झाला नाही. अठराव्या वाढदिवशी हे लेकरू जाणार कुठं, हा त्यांचा सरकारला सवाल. मोठेबाबांच्या खात्यात ‘अनुरक्षण’ या नावाची सोय असायची, सुटल्यानंतरची देखभाल. ती किती तोकडी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? वझ्झरच्या टेकडीवर त्या मुलांनी वाढवलेली झाडं ते एकेका खोडाला हात लावून बघायचे. पापळकरांना 2024 साली पद्मश्री मिळाली आणि त्यांच्याकडे वाढलेली दृष्टिहीन माला राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा त्याच वर्षी उत्तीर्ण झाली. मोठेबाबा तेव्हा नव्हते. असते तर तेही कात्रण पंचांगात गेलं असतं.

आता घरचं. परक्या पोरांच्या घरी चूल कधी पेटते हे ज्याला पाठ, त्याच्या स्वतःच्या घरची चूल मोठी आई पेटवायची, सकाळी पाचला, नगरपालिकेच्या शाळेत शिकवायला जाण्याआधी. अमरावतीची बदली झाली तेव्हा ती मुलांना घेऊन अकोल्यातच राहिली आणि मोठेबाबा पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत ये-जा करायला लागले. दिवाळीचा पहिला डबा रिमांड होमला जायचा, अनारसे मोजून. त्यांचा मुलगा, आमचा दादा, त्यावर वैतागायचा. बारावीत तो आपटला त्या संध्याकाळी मोठेबाबा त्याच्यासमोर बसले आणि त्यांच्या त्या शांत आवाजात विचारलं, ‘‘सप्टेंबरात काय झालं होतं?’’ दादा ताडकन उठला. ‘‘बाबा, मी तुमची केस नाही.’’ मोठेबाबांना उत्तर सुचलं नाही असा तो एक प्रसंग. दादा पुढे बँकेत लागला, पुण्याला स्थायिक झाला. बाप-लेकाचं जमलं, पण उशिरा, फोनवरून, आणि मुख्यतः पाऊस आणि कापसाचा भाव या विषयांवर. ताईचं मत याउलट. तिच्या मते बाबांनी तिला एकदाही ओरडून काही विचारलं नाही, हेच तिला सासरी पुरून उरलं.

माझं म्हणाल तर मोठेबाबांच्या चांगुलपणाची किंमत मोठी आई भरत होती, हे मला फार लवकर दिसलं. तिला कुणी काही सांगत नाही, तिनं विचारायचं नाही आणि ताट झाकून ठेवायचं. तिच्यावर हा अन्यायच, असं माझं ठाम मत होतं.

परवा अकोल्याला गेले तेव्हा ते मत मी तिला बोलून दाखवलं. आता ऐंशीच्या पुढची आहे, वर्गात शुद्ध बोलणारी बाई घरात पुरती वऱ्हाडीवर आली आहे. सुपात तुरीचे सोले निवडत होती. ‘‘तुले काय वाटते, मले काई माईत नोतं?’’ म्हणाली. मोठेबाबा कचेरीत असले की दुपारी मागच्या दारानं त्या पोरांच्या आया यायच्या. साहेबासमोर बोलायची लाज, म्हणून बाईकडे. सकाळची शाळा आटोपून ती घरीच असायची. यायच्या, तिच्यासोबत दाणे निवडत बसायच्या आणि सगळं सांगायच्या. नवऱ्याची दारू, सावत्र बाप, गहाण टाकलेली भांडी, कोणत्या रात्री पोरगं घराबाहेर झोपलं. तिला नावं माहीत होती, गावं माहीत होती, लग्नं झाली तीही. कुणाकुणाच्या लग्नात ती गुपचूप लुगडंही नेऊन आली होती, माहेरच्या कुणाकडे जाते सांगून.

‘‘मंग मोठेबाबाले सांगतलं नाई?’’

‘‘कायले सांगू? थे मले सांगत होते का?’’

इतकी वर्षं एका घरात दोन दप्तरं चालली होती, एक काळ्या शाईचं आणि एक सुपातलं. आणि दोघांनाही एकमेकांचं कळू नये अशी त्यांनी काळजी घेतली होती. की कळलं होतं? भांडीवाल्या बाईच्या पोराला जेवायला बसव म्हणाले, तेव्हा तो पोरगा आठ दिवसांपासून मागच्या अंगणात जेवतच होता, असं ती आता सांगते.

मी म्हटलं, एक तरी नाव सांग ना, त्या गिला वड्याच्या गाडीजवळचा तो कोण असेल तेवढं तरी. तिनं सूप बाजूला ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘लिवाले पायजे तुले?’’ म्हणाली. ‘‘जाय, सांभार घेऊन ये. सोल्याच्या भाजीत टाकाले सांभारच नाई घरात.’’