आईच्या हाताला मुंग्या

एप्रिलचं ऊन आता आपल्या बेळगावातही सोसवत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईसाठी मागच्या खोलीत लोखंडी कूलर लावला होता. एके दुपारी त्याचा पंखा फिरेना, नुसताच गूं गूं आवाज. मी काठीनं पातं ढकललं आणि पंखा सुरू झाला! पुढचे आठ दिवस ती काठी कूलरजवळच होती.

बायकोचं माहेर धारवाड. तिचे अप्पा निवृत्त वायरमन. ते आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत काठीची करामत दाखवायला गेलो.

"मोदल नोड्री, आम्याल मुट्री," अप्पांनी मला थांबवलं.

आधी त्यांनी प्लग काढला. पातं बोटानं फिरवलं. ते सहज फिरलं, म्हणजे बुश-बेअरिंग ठीक. मोटर गुणगुणते, म्हणजे करंट तिथवर पोचतो. ढकलल्यावर फिरते, म्हणजे सुरुवातीचा रेटा देणारा कंडेन्सर गेला. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहू शकतो. म्हणून त्याची दोन्ही टोकं होल्डरमधल्या बल्बच्या वायरींना लावून त्यांनी तो आधी रिकामा केला. जुन्यावर ४ मायक्रोफॅरड लिहिलं होतं, तेवढ्याचाच नवा आणला. काठी मारायची राहिली असती आणि मोटर तशीच अडून राहिली असती, तर वाइंडिंग जळालं असतं.

पंखा फिरला. मी चहा सांगितला. अप्पा मात्र प्लग हातात धरून बसले. त्याला वरची जाड पिन नव्हती. जुन्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून दोन पिनांचा प्लग मीच बसवला होता.

अप्पा आईकडे वळले. "अक्कार, एनरे आग्यदेन्री?"

आईचं कानडी बाजारापुरतं. "नीर घालताना कै झिणझिण होतंय," ती म्हणाली.

हेच तिनं मला दोनदा सांगितलं होतं. "वय झालं, मुंग्या येणारच," म्हणून मी पेपर उघडला होता.

अप्पांनी कूलर चालू करून पत्र्याला टेस्टर लावला. तो पेटला. पाण्यात बुडणाऱ्या पंपाची वायर चिरली होती. ओली फरशी, आईचे अनवाणी पाय, लोखंडी पत्रा आणि २३० व्होल्ट. माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी नवा पंप, तीन पिनांचा प्लग आणि बोर्डाला अर्थिंग झालं. ३० मिलिअँपिअर करंट गळला तरी लाइन तोडणारा ब्रेकरही बसवला. हे काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. कूलरमध्ये पाणी भरताना नुसता स्विच बंद करू नका, प्लगच काढा. थंडीत ब्लोअर-हीटरलाही तोच नियम. पंखा थांबला की आतली कॉइल लालबुंद होते. तिथं काठी घालू नका, आधी प्लग काढा.

अप्पा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. निघताना आईच्या पाया पडले आणि ती काठी उचलून बंबाजवळच्या सरपणात टाकून गेले.

परवा आई म्हणाली, "फ्रिजला हात लावला की कसंतरी वाटतं." मी पेपर बाजूला ठेवला, प्लग काढला आणि धारवाडला फोन लावला.