आतलं आत, बाहेरचं बाहेर

माडांच्या गावात राहून शहाळं वर्ज्य असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. वेंगुर्ल्याकडे आमच्या परड्यात एकवीस माड आहेत. पाहुणा आला की शहाळं, ताप आला की शहाळं, पोट बिघडलं की शहाळं. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि डाएटिशियनने दिलेल्या यादीत सगळ्यात वर लाल पेनाने लिहून आलं: नारळपाणी बंद. त्याखाली केळी, टोमॅटो, पालक, बटाटा, सुकामेवा. सगळ्यांचा गुन्हा एकच, पोटॅशियम.

बाबांना हे कधीच पटलं नाही. ‘आपल्याच माडाचा पाणी माका काय करतला?’ प्रश्न रास्त होता. मीठ किंवा साखर कमी करा म्हटलं तर माणूस समजून घेतो. पण जे आयुष्यभर औषध म्हणून पाजलं, तेच विष कसं? ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे काही उत्तर नव्हे. म्हणून मी वाचायला लागले, आणि उत्तर शोधताना किडनी बाजूलाच राहिली. ते सापडलं पेशीच्या पडद्यात.

आपल्या शरीरातली प्रत्येक जिवंत पेशी विजेने भारलेली असते. ही उपमा नाही. पेशीच्या आत अतिशय बारीक इलेक्ट्रोड घातला आणि दुसरा बाहेर ठेवला, तर मीटरवर आकडा येतो. चेतापेशीत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट, हृदयाच्या स्नायूपेशीत उणे ९०. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण ज्या पेशीपटलाच्या दोन बाजूंमध्ये हा फरक असतो, त्याची जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. हिशेब मांडला तर मीटरमागे एक कोटीहून जास्त व्होल्ट होतात. कोरडी हवा मीटरमागे साधारण तीस लाख व्होल्टलाच हार मानते आणि ठिणगी पडते.

ही वीज येते कुठून? पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास. बाहेर, रक्तात, ते साडेतीन ते पाचच असायला हवं. सोडियमचं बरोब्बर उलटं. पेशीपटलात काही चॅनल अशी असतात की ज्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. प्रत्येक आयन जाताना धन प्रभार घेऊन जातो, आणि त्याच्या जोडीचे ऋण प्रभाराचे मोठे रेणू आतच अडकून पडतात. त्यामुळे आतली बाजू ऋण होते, आणि हे ऋणपण पोटॅशियमला मागे खेचू लागतं. बाहेर जायची ओढ आणि आतलं खेचणं जिथे जवळपास जुळतं, तिथे मीटरचा काटा थांबतो. याचा गाभा ज्युलियस बर्नस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडला होता.

पण झिरपतच राहिलं तर एक दिवस आत-बाहेर सारखंच होईल. ते होऊ न देणारा एक पंप पेशीपटलात बसवलेला असतो. तो तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि दर फेरीला एटीपीचा एक रेणू खर्ची घालतो. हा पंपच वीज तयार करतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. खरं तर त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच. पंप टाकी भरतो, वीज होते ती गळतीमुळे. नुसते बसून असतानाही आपल्या शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या टाकी भरण्यावर जातो.

हा पंप शोधला डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये येन्स स्कू यांनी, खेकड्याच्या पायातल्या नसा वापरून. शोधनिबंध १९५७ चा, नोबेल १९९७ चं. एवढा वेळ ऐकत बसलेल्या बाबांना हा भाग तेवढा आवडला. ‘मगे कुर्ल्यांचा काय केल्यान?’

आता शहाळं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर उरतं ते सगळं मिळून अडीच ग्रॅमच्या आसपास. आणि पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ४०० ते ६०० मिलिग्रॅम! आतल्या साठ्यात एवढी भर पडली तर कळणारही नाही, पण बाहेरच्या चिमूटभरात ती फार मोठी. तुमच्या-माझ्यासारख्यांत इन्सुलिन ते पटकन पेशींत ढकलतं आणि किडन्या सावकाश बाहेर टाकतात. किडन्याच नसतील तर जाणार कुठे? बाहेरचं पोटॅशियम दुप्पट झालं, की त्याचा तोल जिथे जुळतो तो आकडा सुमारे १८ मिलिव्होल्टने शून्याकडे सरकतो.

शहाळ्यात ते एवढं असतं त्याचं कारणही गमतीचं आहे. कोवळ्या नारळातलं पाणी हे बीजासाठी साठवलेलं अन्न. सुरुवातीला त्यात पेशींच्या भिंतीच नसतात, द्रवात नुसती केंद्रकं तरंगत असतात. म्हणजे आपण जवळजवळ एका अजस्र पेशीचं ‘आतलं’ पीत असतो.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. गेल्या मे महिन्यात पाडेली आला, तेव्हा त्यांनी तरीही दोन शहाळी सोलून घेतली आणि पडवीत बसून शांतपणे प्यायली. आई ओरडत होती, ते पीत होते. तो रविवार होता, शुक्रवारनंतरच्या मोठ्या खंडाचा दुसरा दिवस.

सोमवारी सकाळी त्यांना पायरीवर पाय उचलता येईना. रक्तात पोटॅशियम ७.४. ईसीजीवर तंबूसारखे टोकदार सुळके, नाडी मंद. मला वाटायचं, विजेचा गोंधळ म्हणजे हृदय धडधडत सुटत असेल. पण विजेचा फरक असा कमी होऊन राहिला, की ज्या सोडियम चॅनलनी ठोका पेटवायचा ती बंद अवस्थेत अडकून बसतात. स्नायूला हलायची आज्ञा मिळते, पण त्याला पेट घेता येत नाही. पाय जड झाले होते ते त्यामुळेच, आणि हृदयही तोच रस्ता धरत होतं.

आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. त्याने पोटॅशियम कणभरही उतरत नाही, हृदयाला फक्त थोडी सवड मिळते. हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं तेही योगायोगाने. १८८०च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या प्रयोगशाळेत बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात छान धडधडत राहिलं, कारण द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं. ऊर्ध्वपातित पाण्यात केलं तर ते थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, म्हणजे पंपांना टोचणी: उचला आणि आत न्या. आणि मग चार तास मशीन. मशीनला फक्त बाहेरचं धुता येतं. आतलं आत ठेवण्याचं काम बाबांच्या पेशी स्वतःच करत होत्या, बाबा झोपले होते तेव्हाही. मी मॉनिटरवर ते सुळके बुटके होताना बघत बसले.

घरी आल्यावर बाबा शहाळ्याबद्दल काही बोलले नाहीत. बटाट्याची भाजी मात्र मागितली, आणि ती देता येते. कच्चा बटाटा चिरून नुसता भिजवला तर फारसं काही निघत नाही, कारण त्याच्या पेशी अजून शाबूत असतात. भरपूर पाण्यात उकळला की पेशीपटलं फाटतात आणि निम्म्याच्या आसपास पोटॅशियम पाण्यात उतरतं. आई फोडी निथळून घेते. ते पाणी ती मोरीत ओतत नाही, गार करून परड्यातल्या केळीच्या बुंध्याला घालते. केळीला यंदा मोठा घड आलाय. तो शेजारी वाटावा लागणार.