खोलीचे भाडे वाचले, पण...

रात्रीच्या बसने निघावे, म्हणजे एका रात्रीचे खोलीभाडे वाचते. हा हिशेब आपल्यापैकी कोणी केलेला नाही? मुलाखतीला जाताना, आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात नेताना, दीक्षाभूमीला जाताना आपण सर्वांनी तो केला आहे. तोच हिशेब आम्ही २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात परमुलखात, नेपाळमध्ये केला. तो कसा चुकला आणि चुकूनही आमच्या पदरात काय पडले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही चौघे होतो. आम्ही नवराबायको, आमची आई आणि मेहुणा. आईचे वय अडुसष्ट, तिला साखरेचा आजार. सोबत पेट्या-बॅगा नव्हत्या. प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, आणि आईची सॅक मेहुण्याच्या छातीवर. हमाल नको, टॅक्सी नको, मिळेल त्या बसने जायचे आणि स्वस्तात स्वस्त जागी उतरायचे, असे ठरवूनच घर सोडले होते. जमिनीच्या मार्गाने नेपाळात शिरायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही; मतदार ओळखपत्रावर भागते. आपला एक रुपया म्हणजे तिकडचा एक रुपया साठ पैसे. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. म्हणून परदेश असूनही तो आमच्या खिशाला झेपणारा होता.

गोरखपूरहून सोनौली, तेथे सीमा ओलांडून भैरहवा आणि भैरहव्याहून दिवसाच्या बसने काठमांडू, असे आम्ही गेलो. भैरहव्यापासून लुंबिनी अवघी २२ किलोमीटर. पण 'परत येताना निवांत पाहू, शेवट गोड होईल' असे म्हणून आम्ही ती मागे ठेवली. आमची पहिली चूक ही.

काठमांडूत दोन दिवस राहिलो. स्वयंभूच्या पायऱ्या आई बसत बसत चढली. बौद्धनाथाच्या स्तूपाला तिने तीन फेऱ्या घातल्या. पण तिची खरी ओढ वेगळीच होती. २० नोव्हेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात, जागतिक बौद्ध परिषदेपुढे, बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर सोळाच दिवसांनी ते आपल्याला सोडून गेले. 'शरीर साथ देत नव्हतं तरी बाबा इथवर आले. मग मला का जमू नये?' असे म्हणून आई घरून निघाली होती.

आता परतीचा बेत ऐका. संध्याकाळी सातला काठमांडूहून बस. पहाटे पाचला भैरहवा. दुपारपर्यंत लुंबिनी. मग सीमा ओलांडून संध्याकाळी गोरखपूरला मुंबईची गाडी. चार आरक्षित तिकिटे खिशात होती. मेहुण्याची रजा संपत आलेली. कागदावर सगळे कसे चोख बसले होते!

बसच्या कार्यालयातल्या माणसाने माणशी बाराशे नेपाळी रुपये घेतले. 'डिलक्स गाडी, मागे रेलणाऱ्या खुर्च्या, आई सुखाने झोपतील,' असे तो हिंदीतून म्हणाला. भिंतीवर चकचकीत बसचे चित्र होते. पावतीवर आसन क्रमांक मागावे, ते लिहून घ्यावे, एवढे आम्हाला सुचले नाही. दुसरी चूक.

गोंगबूच्या बसपार्कात जी बस उभी होती, ती चित्रातल्या बसची आजी शोभावी अशी. पुढची आसने आधीच भरली होती. आम्हाला मिळाली अगदी मागची रांग. ती मागे रेलत नव्हती आणि खिडकीची काच वरपर्यंत चढत नव्हती. सॅक डिकीत टाकायला लावल्या. मग मधल्या वाटेत एकेक करून वेताची ठेंगणी आसने मांडली गेली. तिकडे त्यांना मुढा म्हणतात. त्यांवरही माणसे बसवली. सातची बस सुटली पावणेनऊला. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. आमची बस मात्र त्या घड्याळाला मानायला तयार नव्हती. कधी सुटणार असे विचारले, की कंडक्टर म्हणायचा, 'एकछिन'. एकछिन म्हणजे एक क्षण. त्या रात्री हा शब्द आम्ही पन्नास वेळा तरी ऐकला असेल.

काठमांडू ते भैरहवा अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या पुणे-सोलापूरपेक्षा थोडे जास्त, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण डोंगरात किलोमीटर मोजून चालत नाही. काठमांडूच्या खोऱ्यातून बाहेर पडायला नागढुंग्याची खिंड. ती उतरली की नौबिसे. पुढे त्रिशूली नदीच्या कडेकडेने मुग्लिन. तेथे पोखऱ्याचा रस्ता वेगळा होतो आणि आपली बस दक्षिणेला वळून दरीतून नारायणगढला उतरते. मालाचे ट्रक, तेलाचे टँकर, रात्रीच्या बसेस, सगळ्यांची हीच वाट. आम्ही खिंडीपर्यंतही पोचलो नव्हतो, तोच समोर लाल दिव्यांची रांग लागली. इंजिन बंद. काचेच्या फटीतून बोचरा वारा.

रात्री साडेअकराच्या सुमारास पत्नीने हाक मारली, 'अहो, आई बघा कशा करताहेत.' आईचे हात थरथरत होते आणि तेवढ्या थंडीत कपाळाला घाम फुटला होता. नऊला कुठेतरी जेवण मिळेल, या हिशेबाने तिने गोळी आधीच घेतली होती. जेवण मात्र अजून कोसभर पुढे होते. साखर उतरली होती, हे आम्हाला कळले. पण बिस्किटे आणि साखरेची पुडी सॅकमध्ये आणि सॅक डिकीत! मेहुणा माणसे ओलांडत पुढे धावला. 'डिकी उघड!' कंडक्टर म्हणाला, 'एकछिन.'

आईच्या पुढ्यातच वाटेतल्या मुढ्यावर एक पंचविशीचा तरुण बसला होता. त्याने काही न विचारता पिशवीतून दोन संत्री काढली, सोलून फोडी आईच्या हातात ठेवल्या, आणि वर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा दिला. 'आमा, खाऊन घ्या,' तो चक्क मराठीत म्हणाला. आम्ही चकित झालो. हा पोरगा चार वर्षे पुण्याच्या एका हॉटेलात भांडी घासून गेला होता. आता आखातात नोकरीला जायचे म्हणून कागदपत्रांसाठी काठमांडूच्या खेपा घालत होता. ही त्याची तिसरी खेप. प्रत्येक वेळी रात्रीच्या बसने यायचे आणि रात्रीच्या बसने जायचे. 'लॉजचे पैसे वाचतात ना दादा,' तो म्हणाला. आमचाच हिशेब तो आम्हाला सांगत होता.

पंधरावीस मिनिटांनी आईच्या जिवात जीव आला. आमच्याही आला.

बायकांची दुसरी अडचण सांगितली पाहिजे, कारण ती कोणी लिहीत नाही. लघवीला जावे लागू नये म्हणून आई आणि पत्नी दुपारपासून पाणी पीत नव्हत्या. बस थांबे तिथे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदी. पुरुष चाकाआड जाऊन येत. शेवटी पत्नीने आणि दोन नेपाळी बायकांनी शाली धरून आडोसा केला आणि एकेक करून सगळ्याजणी मोकळ्या झाल्या. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती, पण अडचण सगळ्यांची एकच होती.

मुग्लिनला डाळभात मिळाला तो रात्री दोनला. त्यानंतर दरीतल्या रस्त्यावर तो तरुण एकाएकी गप्प झाला. मग हळूच म्हणाला, 'हे सिमलताल.' १२ जुलै २०२४ च्या पहाटे येथेच दरड कोसळली आणि रात्रीच्या दोन बसेस त्रिशूलीत वाहून गेल्या. साठांहून अधिक प्रवासी होते. वाचले तिघे. बाहेर मिट्ट काळोख होता आणि नदीचा नुसता आवाज येत होता. त्या बसेसमध्येही खोलीभाडे वाचवणारे कितीजण असतील, हा विचार मनातून जाईना. पत्नीने आईचा हात घट्ट धरला. नारायणगढचे दिवे दिसेपर्यंत आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

आता सपाट रस्ता, आता बस धावेल, असे वाटले. पण नारायणगढ ते बुटवल हा शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता रुंद करण्याचे काम कित्येक वर्षे चाललेले होते. एका बाजूने रस्ता खणलेला, दुसऱ्या बाजूने धूळ, आणि त्यातच दाउन्नेचा डोंगर. पहाटे साडेपाचला, म्हणजे आम्ही लुंबिनीत असायला हवे होते त्या वेळी, बस दाउन्नेच्या पायथ्याशी उभी राहिली. साडेनऊपर्यंत ती जागची हलली नाही.

उजेडात एकमेकांची तोंडे दिसली, तेव्हा सगळेच धुळीने पांढरे झाले होते. आईचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मेहुण्याचा तोल सुटला. त्याने कंडक्टरची कॉलर धरली आणि 'पैसे परत दे, आमची गाडी गेली तर भरून देशील का?' असे ओरडू लागला. खरे सांगायचे, तर आम्हालाही ते बरेच वाटत होते. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

'सोड त्याला. खोटं बोलून तिकीट विकणारा तिकडं काठमांडूत गादीवर झोपलाय. ह्या पोरानं तुझं काय घेतलं? रात्रभर दारात उभा आहे तो. एकदा तरी टेकलेला पाहिलास का त्याला?'

आम्ही त्या कंडक्टरकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. अठरा-एकोणीस वर्षांचे पोर. डोळे लाल, हातापायांना ग्रीस. मेहुण्याने कॉलर सोडली. थोड्या वेळाने त्या पोराने ड्रायव्हरमागचे बाक रिकामे करून घेतले आणि आईला पाय पसरून बसायला तेथे नेले. हे 'एकछिन' न म्हणता केले!

भैरहव्याला उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. सुटल्यापासून साडेपंधरा तास. पुण्यात राहिलेला तो तरुण बुटवललाच उतरून गेला होता. उतरताना त्याने आईला वाकून नमस्कार केला आणि आईने त्याला आपली शाल दिली.

आता दोन रस्ते होते. डावीकडे सोनौली, गोरखपूर आणि आमची आरक्षित गाडी. उजवीकडे लुंबिनी. दोन्ही साधणे शक्य नव्हते. मेहुणा म्हणाला, 'दाजी, माझा एक दिवसाचा पगार जाईल, आणखी काय? मावशी पुन्हा कधी यायच्या?' आई मात्र म्हणत होती, 'माझ्यापायी तुमचं नुकसान नको, इथूनच हात जोडते.' आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि लुंबिनीच्या बसमध्ये चढलो.

मायादेवी मंदिराच्या आवारात दुपार उतरत होती. पुष्करिणीकाठी बसून आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. मग अशोकस्तंभापाशी गेलो. १८९६ साली हा स्तंभ पुन्हा उजेडात आला आणि त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांवरून भगवान बुद्धांचे जन्मस्थान हेच, हे जगाला पटले. त्यावर काय कोरले आहे, ते आईला समजावून सांगितले. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक राजा स्वतः येथे आला. येथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचे ठरवले. आईने विचार करून विचारले, 'म्हणजे नुसता दिवा लावून गेला नाही म्हणायचा. गावाचं ओझं कमी करून गेला.' एवढे बोलून ती सुजलेल्या पायांनी स्तंभाभोवती पुन्हा एकदा चालून आली.

ती रात्र आम्ही लुंबिनीतल्या एका विहारात दान देऊन काढली. दुसऱ्या दिवशी गोरखपूरहून बिनआरक्षित डब्यात, दाराशी बसून, मुंबई गाठली.

घरी आल्यावर वहीत हिशेब मांडला. काठमांडूत एक रात्र आणखी राहिलो असतो तर आपले हजारभर रुपये गेले असते. ते वाचले. बुडालेली चार तिकिटे, नवी तिकिटे आणि मेहुण्याचा पगार मिळून गेले त्याच्या कितीतरी पट. आईच्या त्या अर्ध्या तासाची किंमत तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

म्हणून जे वाचक लुंबिनीला जाणार असतील त्यांना आमचे सांगणे आहे. लुंबिनी सीमेजवळ आहे, ती जातानाच पाहा. डोंगरातला प्रवास दिवसा करा, पावसाळ्यात तर नक्कीच. पावतीवर आसन क्रमांक लिहून घ्या. औषध, साखर, बिस्किटे आणि पाणी डिकीत नको, अंगाशी ठेवा. साखरेची गोळी बसच्या वेळेवर नव्हे, ताट समोर आल्यावर घ्या. परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि बस अडली तर भांडण जरूर करा, पण ज्याने फसवले त्याच्याशी करा.

आई आता शेजारणींना लुंबिनीची हकिगत सांगते. त्यात स्तंभ असतो, पुष्करिणी असते. पण सुरुवात ती दोन संत्र्यांपासून करते.