चौथं तिकीट

कांद्याची पट्टी हातात पडली की अण्णा आधी सोसायटीचं देणं फेडायचे, मग दुकानदाराचं. त्यातून उरलंच तर आमच्या कपड्यांचं बघायचं. नाटकाच्या तिकिटाला त्या हिशेबात जागा नव्हती. पण १९७८ च्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ येणार अशी जाहिरात लागली आणि थोरल्या भावाने टुमणं लावलं.

रबीचा माल विकून झालेला, पावसाला अवकाश, उघड्या मैदानात कनाती ठोकता येतात. म्हणून पुण्या-मुंबईची नाटकं आमच्याकडे यायची ती याच दिवसांत. या नाटकाचे लेखक मधुकर तोरडमल हे पूर्वी अहमदनगरला कॉलेजात इंग्रजी शिकवत, त्यामुळे आमच्या भागाला ते घरचेच वाटत. नाटकही कॉलेजातल्या पोरांचंच. मिसरूड फुटलेली, नाही त्या वयात नाही ते कळू लागलेली पोरं आणि त्यांचे प्राध्यापक बारटक्के. हे बारटक्के खुद्द तोरडमल रंगवत.

गावात मात्र बोभाटा झाला की नाटक चावट आहे. अण्णांनी ठरवलं, तीन तिकिटं काढायची. ते, आई आणि भाऊ. मी आजीजवळ राहायचं. मला पंधरावं लागलं होतं, नुकतंच परकर-पोलकं सुटून साडी अंगावर आली होती.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, तीच पोरं बघून पोरगा बिघडत नाही, मग पोरगीच कशी बिघडंल? दोन वर्सांत तिला सासरी धाडाल. तिथं तिला कोण नाटक दाखवनार हाय? ती नसंल तर माझंबी तिकीट काढू नका.”

अण्णा काही बोलले नाहीत. बाजारच्या दिवशी मात्र त्यांनी मला आणि भावाला बरोबर घेतलं. तिकिटं एका कापडदुकानाच्या ओट्यावर मिळत होती. टेबलावर पुठ्ठ्याचा प्लॅन, त्यावर खुर्च्यांचे चौकोन, विकलेल्या जागेवर निळ्या पेन्सिलीची फुली. पुढच्या रांगा महाग, मागे जमिनीवर बसायचं ते सर्वांत स्वस्त, बायकांची बाजू वेगळी.

अण्णांनी टोपी सारखी केली आणि आवाज खाली आणून त्या माणसाला विचारलं, “घरच्या मंडळींनी बघण्याजोगं हाय का?”

तो हसला. “पाटील, अवघड शब्द आला की बारटक्के नुसतं ह, हा, हि, ही करतात. ते तोंडाने काहीच वाईट बोलत नाहीत. ज्याचं त्याने समजून घ्यायचं.”

अण्णा बराच वेळ प्लॅनकडे बघत उभे राहिले. मी ओट्याच्या कडेला नखाने माती उकरत होते. मग त्यांनी कोपरीच्या खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले. “चार द्या. दोन बायकांच्यात.” भावाचं आणि त्यांचं तिकीट त्यांनी मागच्या, जमिनीवरच्या जागेचं घेतलं. आमच्या दोघींच्या मात्र खुर्च्या होत्या. हे मला खेळाच्या रात्री कळलं.

नाटक सुरू झालं. ‘ह’ची ती बाराखडी आली की मैदान फुटायचं. शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तो तयार होता. मला निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही असं दाखवलं. आई पदर तोंडाशी धरून माझ्याकडे न बघता हसत होती. आणि मागून एक हसू सारखं ऐकू येत होतं, खोकल्यासारखं सुरू होऊन वर चढणारं. दुसऱ्या अंकात ओळखू आलं, ते अण्णांचं होतं. घरात आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं.

परतताना बैलगाडी निम्मी वाट आली तरी कुणी बोलेना. शेवटी आईनेच विचारलं, “एवढं काय हसत होता वो?”

अण्णांनी बैलांना उगीच हाकारलं. “अगं ते... त्ये बारटक्के... ह... हे आपलं... हा...”

गाडीच्या मागल्या बाजूला भाऊ आणि मी पोट धरून आडवे झालो. अण्णांनी वळून बघितलं नाही.